कोकणात शेतावर तंबू आणि चुलीवरचं जेवण: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हॉटेल नको, जनरेटर नको, मोठ्या आवाजातली गाणी तर नकोतच. विहिरीचं पाणी, तीन चिऱ्यांची चूल आणि वर आभाळ, एवढ्यावर दोन रात्री काढायच्या, असा बेत करणारे आता पुष्कळ भेटतात. कोकणात तो छान जमतो. पण घाटावरच्या किल्ल्यांवर किंवा धरणाच्या काठाला राहायची सवय असलेल्यांची इथे पहिल्या संध्याकाळी तारांबळ उडते. इथली माती वेगळी, वारा वेगळा, समुद्राचं वेळापत्रक वेगळं आणि गावाची रीतही वेगळी. दापोली-गुहागर पट्ट्यात आणि खाली मालवणकडे असे मुक्काम मी करत आले आहे. नव्याने जाणारे जिथे अडखळतात, त्या जागा इथे क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. पाणी, लाकूड, चूल आणि अंथरूण ही चार कामं दिवेलागणीच्या आत उरकली पाहिजेत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि माडांच्या वाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येतं. म्हणजे तुम्ही दुपारी दोन-अडीचपर्यंत जागेवर हवं. मुंबई-पुण्याहून सकाळी आरामात निघून संध्याकाळी सातला पोहोचायचं असेल, तर पहिली रात्र गावात कुणाच्या घरी खोली घेऊन काढा आणि तंबू दुसऱ्या दिवशी लावा.

१. दिवस निवडा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. तोवर भातकापणी उरकलेली असते, शेतं मोकळी असतात, पेंढा मिळतो, विहिरींना पाणी असतं आणि रात्री गारवा असतो. मार्चपासून सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचं, गवत वाळून कोळ होतं, वणवे लागतात, विहिरी तळाला जातात. त्या दिवसांत गावाच्या पाण्यात वाटेकरी होणं बरं नाही. मेच्या मध्यापासून समुद्राचा भरवसा नसतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं, त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या बागा झोपवल्या. जून ते सप्टेंबर तंबूचं नावच काढू नका.

पहिल्या खेपेला शुक्ल अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचे दिवस घ्या. संध्याकाळपासून आभाळात चंद्र असतो, भांडी घासताना आणि पाणी आणताना त्याचा फार उपयोग होतो. तारे बघायला अमावस्या चांगली, पण ती हात बसल्यावर.

नाताळ ते ३१ डिसेंबर टाळा. शिमग्यात गावात कुणी ओळखीचं असेल तरच जा. पालखी घरोघर फिरत असते, माणसं त्यात गुंतलेली असतात, आणि अनोळखी पाहुण्यांकडे बघायला कुणाला सवड नसते.

२. जागा आणि जागेचा मालक

समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत तंबू लावू नका. सगळ्यांना पहिला मोह तोच होतो, म्हणून कारणं नीट सांगते.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अनेक किनाऱ्यांवर, रायगडातल्या काही ठिकाणीही, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मंडणगडच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या संरक्षणाचं काम उभं केलं, त्यातून बाकीची गावंही पुढे आली. कासवांचा हा हंगाम आणि आपला तंबूचा हंगाम एकच आहे. मादी उजेड बघून मागे फिरते, आणि पिल्लं समुद्राकडे जायचं सोडून जाळाच्या दिशेने सरकतात. दुसरं कारण वाळूचं. वाळूत पुरलेले निखारे विझत नाहीत, उलट आतल्या आत तासन् तास धगधगतात. सकाळी वरून सगळं सपाट दिसतं आणि अनवाणी पोर त्यावर पाय देतं. तिसरं कारण भरती.

भरतीचं गणित कोळीवाड्यात कुणीही सांगेल: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण खाडीकाठाने चालत जायचं असेल किंवा खडकांवर कालवं बघायला जायचं असेल तर हा हिशोब डोक्यात असू द्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर येतं. गाडी वाळूत उतरवू नका. ती रुतते, आणि भरती थांबत नाही.

मग राहायचं कुठे? कापणी झालेलं भातशेत सगळ्यात उत्तम. जमीन सपाट, खुंट्या रुतायला माती, चुलीला मोकळी जागा, बांधापलीकडे मालकाचं घर. नारळी-पोफळीची वाडीही सुंदर. पाणी जवळ, सावली गार. पण तंबू माडाखाली नको, कारण नारळ आणि वाळलेली झावळी कधी पडेल याचा नेम नाही. वर बघा, कुठल्याही माडापासून झावळीच्या लांबीएवढं तरी अंतर ठेवा. आमराईत हिवाळ्यात मोहोर असतो आणि हापूसवर औषधफवारण्या चालू असतात, त्यामुळे शेवटची फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय तिथे झोपू नका. मोहोराखाली जाळ तर कुठलाच बागायतदार करू देणार नाही. सड्यावरून सूर्यास्त अप्रतिम दिसतो, पण तिथे कातळात खुंटी जात नाही, वारा अंगावर येतो, पाणी नसतं आणि वाळक्या गवतात एक ठिणगी पुरते. सडा पहिल्या खेपेसाठी नाही.

जागा कितीही ओसाड दिसली तरी तिला मालक असतो, आणि कोकणात बहुतेक वेळा एक नसतो. सातबाऱ्यावर सामायिक नावांची रांग असते. एक भाऊ मुंबईला, एक गावात, चुलते तिसरीकडे. मुंबईच्या भावाने फोनवर ‘जा हो, खुशाल राहा’ म्हटलं आणि गावात कुणाला त्याचा पत्ताच नाही, असं झालं की रात्री नऊला बॅटऱ्या घेऊन माणसं बांधावर उभी राहतात. त्यांची चूक नसते. म्हणून जमीन प्रत्यक्ष जो कसतो त्याच्याशी बोला. फोन असा करा:

‘काका, नमस्कार. आम्ही पुण्याहून बोलतोय, अमक्यांनी तुमचा नंबर दिला. आम्ही चौघं, त्यात दोघी बायका. शनिवार-रविवार तुमच्या शेतात तंबू लावून राहिलो तर चालेल का? चूल पेटवू, बांधावर तुम्ही सांगाल तिथे. दारू नाही, स्पीकर नाही. पाणी विहिरीचं वापरलं तर चालेल ना? लाकडाचे, जागेचे काय द्यायचे तेही सांगा.’

एवढं बोललात की निम्मं काम झालं. बहुतेक ठिकाणी उलट ‘तंबूत कशाला, घरी या’ असंच उत्तर येतं. काकांनाच सांगा की पोलीस पाटलांच्या कानावर घाला. राखीव वनात परवानगीशिवाय विस्तव पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे, तेव्हा ‘जंगलात कुठेतरी’ हा बेत सोडून द्या. खारफुटीची फांदी तोडणंही गुन्हा आहे, वाळकी असो वा ओली.

आणि देवराई. गावाबाहेर दाट जुनी झाडी दिसली, आत एखादं कौलारू देऊळ किंवा नुसते पाषाण दिसले, तर तिथे तंबू नाही, चूल नाही, आणि खाली पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. गाव ती काटकी स्वतःच्या चुलीलाही नेत नाही. मालक मुक्कामाआधी नारळ ठेवून राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालणार असतील तर चपला काढून शेजारी उभे राहा.

३. कागद आणि सामान

कागद थोडेच लागतात, पण ते कोरड्या पिशवीत ठेवा:

– प्रत्येकाचं आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, आणि सगळ्यांची नावं-नंबर लिहिलेला एक कागद मालकाकडे द्यायला
– मालकाने होकार दिल्याचा मेसेज. रेंज नसली तरी दाखवता येईल असा फोटो काढून ठेवा
– गाडीचे कागद
– जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव आणि रस्ता, वहीत हाताने लिहून
– रोख रक्कम, सुट्टे पैसे जास्त

सामानात तंबू, ताडपत्री, जाड सतरंजी, पांघरूण हे आलंच. दव इतकं पडतं की पहाटे तंबूवरून पाणी ओघळतं, म्हणून वरचा पडदा लावल्याशिवाय झोपू नका आणि काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घोट्याच्या वर येणारे बूट, डोक्याला लावायची बॅटरी, दोन बादल्या, एक छोटं फावडं. स्वयंपाकाला दोन जाड बुडाची पातेली, लोखंडी तवा, सांडशी, लांब दांड्याची पळी, उलथणं, सुरी आणि लोखंडी फुंकणी. कोयता स्वतःचा आणू नका, लागला तर मालकाकडून घ्या, ज्याला सवय आहे त्यानेच चालवा.

रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की गॅसची टाकी, छोटा कॅनिस्टर, रॉकेल, पेट्रोल असं काहीही गाडीत नेता येत नाही. खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ यांतल्या कुठल्याही स्टेशनात उतरलात तरी पुढे एसटी किंवा रिक्षा आहे, आणि सामान तुम्हालाच उचलायचं आहे. तेव्हा पातेली मालकाकडे मिळतात का तेही विचारा.

४. पहिला तास: वारा बघा

दापोलीजवळ एका काकींनी आम्हाला तंबू उघडताना थांबवलं होतं. ‘पोरांनो, रात्रीचा वारा कुठनं येतो ते बघितलंत काय?’ कोकण किनाऱ्यावर राहायचं तर हा प्रश्न फार मोलाचा आहे. दुपारी आणि संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. रात्र चढली की तो पडतो आणि मतलई वारा सुरू होतो, जमिनीकडून समुद्राकडे. संध्याकाळी चुलीचा धूर पूर्वेला जातोय म्हणून तुम्ही तंबू पश्चिमेला लावला, तर पहाटे उरलेल्या निखाऱ्यांचा धूर आणि राख थेट तुमच्या तोंडावर.

म्हणून तंबू चुलीच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला लावायचा, निदान पंधरा पावलं लांब. डोंगराच्या कुशीत किंवा खाडीच्या वळणावर वारा थोडा फिरतो, तिथे मालकाला विचारा. तंबूखाली पेंढा पसरा, वर ताडपत्री. पेंढा अंथरण्याआधी काठीने विसकटून घ्या, आत विंचू असू शकतो.

५. पाणी आणि शौच

प्यायला, रांधायला आणि भांड्यांना मिळून माणशी दिवसाला आठ-दहा लिटर धरा. अंघोळ वेगळी. विहिरीचं पाणी प्यायच्या आधी उकळून घ्या. कळशी विहिरीत सोडायची रीत आहे: दोर हाताला गुंडाळू नका, पाय कठड्याला टेकवून उभे राहा आणि चपला काठाशी नेऊ नका. साबण विहिरीपासून लांब, बादलीत पाणी नेऊन वापरा.

मालकाचा संडास वापरायला मिळाला तर तोच वापरा. नाहीच मिळाला तर वीतभर खोल खड्डा, विहीर-ओढ्यापासून ऐंशी-शंभर पावलं लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यातून पाणी भराभर झिरपतं. घाटावरच्या काळ्या कातळापाशी जे खपून जातं ते इथे दोन दिवसांत विहिरीत उतरतं.

६. लाकूड

कोकणात जळण म्हणजे आधी नारळ. माड काही वाया घालवत नाही: वाळलेलं चुडत (झावळी), पोय (फुलोऱ्याचं आवरण), सोडणं, करवंट्या. चुडत भडकन पेटतं आणि तितक्याच लवकर संपतं, ते चूल शिलगावायला. सोडण म्हणजे नारळाचं सोललेलं भुसकट. ते हळू धुमसतं, धूर करतं आणि विस्तव धरून ठेवतं. करवंटीचा जाळ स्वच्छ आणि निखारा कडक, मासे भाजायला याच्यासारखं काही नाही. भातासाठी मात्र मनगटाएवढी कोरडी लाकडं हवीत, ती मालकाकडून विकत घ्या. दोन दिवसांना मोठ्या दोन मोळ्या पुरतात.

उभ्या झाडाला हात लावू नका. आणि तीन गोष्टी जाळात नकोत. एक, काजूच्या बिया. हंगामात झाडाखाली पडलेल्या दिसतात आणि ‘भाजून खाऊ’ असं वाटतं, पण सालीतलं तेल तडतडून उडतं, कातडीला फोड आणतं, धूरही बोचरा असतो. तो भाजायची हातोटी गावातल्या माणसाकडून डोळ्यांनी बघून घ्या, मगच. दोन, कण्हेरीच्या काड्या. कुंपणाला कण्हेर लावलेली असते, तिच्या सरळ काड्या कोलंबी टोचायला सोप्या वाटतात. ते झाड विषारी आहे. तीन, प्लास्टिक आणि समुद्राने फेकलेले रंगवलेले फळकुटांचे तुकडे.

७. चूल मांडा आणि पेटवा

शेकोटी आणि चूल यांत गोंधळ करू नका. नवे लोक आधी मोठा जाळ करतात आणि त्यावर पातेलं ठेवायला बघतात. पातेलं काळं, भात करपलेला, माणूस भाजलेला. रांधायला जाळ ओंजळीएवढाच लागतो.

बांधालगतची चार हात जागा पातेरा, म्हणजे वाळका पाला, काढून साफ करा, खालची माती दिसेपर्यंत. मालकाच्या पडवीकडचे तीन जांभ्याचे चिरे आणा. ओढ्यातले किंवा समुद्रातले ओले दगड घेऊ नका, आतलं पाणी तापून ते फुटतात आणि कपचा डोळ्यात जाऊ शकतो. चिरा उचलताना आधी काठीने कलता करा, खाली बोटं घालू नका. चूल इंग्रजी यू सारखी, तोंड समुद्राकडे, म्हणजे संध्याकाळचा वारा आत शिरेल. वारा जोराचा असेल तर तोंड थोडं तिरपं करा. दोन बादल्या पाणी आणि फावडं शेजारी ठेवल्याशिवाय काडी ओढायची नाही.

आता पेटवायची पद्धत. सोडणाचे धागे हाताने सोडवून मुठीएवढा पोकळ गोळा करा. त्यावर चुडताच्या सळ्या बोटभर लांबीच्या, आडव्या-उभ्या. काडी खालून लावा. गोळा आधी पिवळट धूर सोडतो, मग कडेला लाल रेघ फिरते. याच वेळी बहुतेक जण जोरात फुंकतात आणि विझवतात. फुंकणी लाल रेघेच्या खाली धरून लांब, सावकाश फुंका. सळ्या तडतडल्या की अंगठ्याएवढ्या काटक्या, त्या धरल्या की दोन लाकडं, टोकं समोरासमोर. जाळ वाढवायचा तर लाकूड आत सरकवायचं, कमी करायचा तर मागे ओढायचं. नव्या लाकडाची भर घालायची घाई करू नका.

पातेलं चढवण्याआधी त्याला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा लेप द्या. काजळी त्या लेपावर बसते आणि घासताना सगळी निघून येते.

८. काय रांधायचं

पहिल्या रात्री भात आणि कुळथाची पिठी. थकलेल्या माणसाला याच्याइतकं सोपं आणि पोटाला बरं दुसरं नाही. चौघांना दोन-अडीच वाट्या तांदूळ धुऊन, दुप्पट पाणी घालून, आधण आलं की जाळ मागे ओढा, झाकणावर चार निखारे ठेवा. तो होईस्तोवर दुसऱ्या पातेल्यात तेल, ठेचलेला लसूण भरपूर, मिरची, हिंग, हळद. त्यावर चार वाट्या पाणी, मीठ, चार आमसुलं. कुळथाचं पीठ पाच चमचे थंड पाण्यात आधी कालवून घ्या आणि उकळत्या पाण्यात धार धरून ओता, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. कोरडं पीठ थेट टाकलंत तर गाठी होतात. पाच-सात मिनिटं रटरटली की झाली. सोबत सुका बांगडा निखाऱ्यावर भाजा, वास लागून मालकाचं मांजर येईल, त्याचाही वाटा ठेवा.

सकाळी चूल न पेटवता दडपे पोहे. पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ, थोडी साखर, नारळाचं पाणी शिंपडायचं आणि वर ताट-दगड ठेवून अर्धा तास दडपायचं. फोडणी नसली तरी चालते. तोवर चहाला तीन काटक्यांचा जाळ पुरतो.

दुसऱ्या दिवशी ताजे मासे. दापोलीच्या हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तिथे लिलावात उतरू नका, बाजूला बसलेल्या मावशींकडून घ्या. मालवणात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर किनाऱ्यावरच मिळतात. कल्ले लाल, डोळा चकचकीत, बोटाने दाबलं तर खड्डा राहता नये. बर्फाचा डबा हवाच. बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते कितीही शिजवलं तरी जात नाही आणि तोंड-अंग लाल होऊन त्रास होतो. बांगडा साफ करून चिरा द्या, मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ चोळा. केळीचं पान निखाऱ्यावरून फिरवून मऊ करा म्हणजे दुमडताना फाटत नाही. त्यात बांगडा गुंडाळून केळीच्या सोपाने (खोडाच्या सालीच्या पट्टीने) बांधा आणि करवंटीच्या निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं. जाळ नको, निखारा हवा.

आता पोपटी, म्हणजे मडक्यात घालून जाळात भाजलेल्या वालाच्या शेंगा. तुम्ही रायगडात असाल, अलिबाग, पेण, रोहा या बाजूला, आणि वालाच्या शेंगा आलेल्या असतील, तर त्या रात्री दुसरं काही करूच नका. सहा-आठ माणसांना एक मोठं मातीचं मडकं, दोन किलो शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा आणि भांबुर्डीचा पाला दोन मोठ्या जुड्या. भांबुर्डी शेताच्या बांधावर उगवते, पण स्वतः शोधायला जाऊ नका, ओळखणाऱ्याकडून आणवून घ्या. तिच्या उग्र वासावरच पोपटीची चव आहे, दुसरा कुठलाही पाला चालत नाही.

मडक्याच्या तळाला आणि कडेला पाला दाबून बसवा. शेंगांना मीठ-ओवा चोळून पहिला थर, मध्ये बटाटे, अंडी, पानात गुंडाळलेले कोंबडीचे तुकडे, वर पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंबही नाही. शेंगा आणि पाला आपल्याच वाफेवर शिजतात. तोंडाशी पाल्याचा बोळा इतका घट्ट कोंबा की मडकं उलटं केल्यावर काही खाली येता नये. मग मोकळ्या शेतात, दहा-बारा फूट जागा साफ करून, मडकं पालथं ठेवा आणि भोवतीने काटक्या, गोवऱ्या, पेंढा रचून पेटवा. अर्धा ते पाऊण तास जाळ सगळीकडून सारखा राहील असं बघा. वाऱ्याची बाजू लवकर जळते, तिथे भर घालत राहा. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र होऊन लगेच सुकलं की झालं असं समजतात, पण कोंबडी असेल तर एक तुकडा फोडून आतपर्यंत शिजलाय ना ते बघाच. मडकं गोणपाटाने धरून केळीच्या पानावर रिकामं करताना तोंड मागे ठेवा, वाफ जोरात येते. ही आग चुलीपेक्षा मोठी असते, म्हणून वारा असेल त्या दिवशी करू नका.

९. रात्र

उरलेलं अन्न तंबूत ठेवायचं नाही. मुंग्या आणि ओंबील (मोठ्या लाल मुंग्या) येतात, मग कुत्री, कधी रानडुक्कर. डबे गाडीत किंवा मालकाच्या पडवीत.

साप हा विषय घाबरण्याचा नाही, शिस्तीचा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्या कातळावर फुरसं बऱ्यापैकी आढळतं. लहानसं, दगडाखाली नाहीतर पाल्यात बसलेलं, डिवचलं तर अंगाची वेटोळी घासून खरखर आवाज करतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा दुखतही नाही. म्हणून तंबूची चेन सतत बंद, बूट उलटे झटकून घालायचे, बॅटरीशिवाय एक पाऊल नाही, लाकडाचा ढीग तंबूपासून लांब. दंश झालाच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या-कडी काढा, तो हात किंवा पाय हलणार नाही असा आधार द्या, १०८ ला फोन करा आणि मालकाला उठवून थेट रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. विंचवाचंही तेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार शोधून असंख्य माणसं वाचवली, पण ते औषध डॉक्टरांनीच वेळेवर द्यायचं असतं.

दोडामार्ग, बांदा या बाजूला जाणार असाल तर गोचिडांपासून जपा. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि त्याचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्यातच असतो. पातेऱ्यात बसू-लोळू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

समुद्रात रात्री उतरायचं नाही. दिवसाही ओहोटी चालू असताना नाही, आणि स्थानिक माणूस ‘इथे नको’ म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

१०. निघताना

चूल निघायच्या तासभर आधी विझवायला घ्या. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी, आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेवर धरून बघा. ऊब लागली तर अजून पाणी. थंड राख मालकाला विचारून माडाच्या आळ्यात घाला, माडाला ती चालते. चिरे होते तिथे परत ठेवा. भांडी राख आणि सोडणाने घासून, पुसून द्या.

कचरा गावात सोडू नका. लहान गावांत घंटागाडी येत नाही, तुमची पाकिटं शेवटी ओढ्यात जातात. सगळं पिशवीत भरून शहरात न्या. माशांची घाण खोल पुरा.

पैसे ठरले त्याहून थोडे जास्तच द्या, आणि घरातल्या ज्या बाईने पाणी, पातेली, केळीची पानं दिली तिच्या हातात वेगळे द्या. ती मागणार नाही.

मग तंबू गुंडाळताना खुंट्या मोजा. जेवढ्या आणल्या तेवढ्या भरल्या पाहिजेत. एखादी मातीत राहिली तर पुढच्या पावसाळ्यात चिखलणी करताना ती पॉवर टिलरच्या पात्यात अडकते, नाहीतर लावणीला उतरलेल्या बाईच्या पायात जाते.